घरचें विज्ञान : रॉडचा काय दोष?

गेल्या आश्विनांतील गोष्ट. नरकचतुर्दशीच्या पहांटे आमच्या घरीं जो वाद झाला तो बादलीभर ऊन पाण्यावरून झाला, आणि त्याचा निकाल एका भागाकारानें लागला. घरचे वाद मासिकाच्या पानांवर आणूं नयेत हें आम्ही जाणतों. परंतु वादांतील सर्व पक्षांनीं संमति दिली आहे. शिवाय या वादाच्या मुळाशीं जें सांपडलें तें जुन्या वाड्यांत राहणाऱ्या कोणत्याही कुटुंबांत असूं शकेल असें वाटल्यावरून तो येथें सविस्तर देत आहों.

आमचा वाडा जुन्या नाशकांत, गोदावरीपासून फार दूर नाहीं. पुढें दिंडीदरवाजा, मग चौक, मग माजघर आणि अगदीं मागें न्हाणीघर. पूर्वीं तेथें भांडीबाजारांतून आणलेला तांब्याचा बंब पेटत असे. तो बंब आतां घासूनपुसून दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत शोभेस ठेवला आहे व मुलें त्यांत छत्र्या खोंचून ठेवतात. पुढच्या बाजूस गॅसवर पाणी तापतें. मागच्या न्हाणीघरांत मात्र गेलीं कित्येक वर्षें बादलींत विजेचा रॉड सोडून काम भागविलें जातें. यंदां जुना रॉड निकामी झाला म्हणून धाकट्या सूनबाईंनीं वसुबारसेच्या दिवशीं नवा आणला. त्यावर ‘१५०० वॉट, २३० व्होल्ट’ असें छापलेलें होतें. किंमत बेताची होती, आणि पुढें तीच त्यांच्या अंगाशीं आली.

अभ्यंगस्नानाचा हिशेब आमच्याकडे ठरलेला असतो. मागच्या न्हाणीघरांत पांच जणांचीं स्नानें, प्रत्येकास वीस लिटरची बादली. एका बादलीस तेवीस-चोवीस मिनिटें, म्हणजे सव्वाचारला सुरुवात केली कीं सव्वासहाच्या आंत सर्व उरकतें. यंदां तसें झालें नाहीं. प्रत्येक बादलीस साडेसत्तावीस मिनिटें लागलीं. पांचव्या बादलीपर्यंत तूट वीस-बावीस मिनिटांची झाली, आणि घरांतील शेंडेफळाच्या अंगाला उटणें लागेपर्यंत बाहेर चांगलें उजाडलें. आमच्या वहिनी, ज्यांना सर्व घर माई म्हणतें, त्यांच्या मतें त्या पोराचा नरकवास कायम झाला. आमचे थोरले बंधु अण्णा म्हणाले, “स्वस्त घ्यायला गेलं कीं असंच व्हायचं. आंतली तार हलकी असणार.” सूनबाईंनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं, त्या फराळाचीं ताटें मांडीत राहिल्या. परंतु त्या दिवशीं त्यांनीं स्वतः चकलीला हात लावला नाहीं, हें आमच्या नजरेतून सुटलें नाहीं.

पाडव्याला वीजकाम करणारा एक माणूस बोलावला. त्यानें रॉड हातांत घेऊन वजन केल्यासारखें केलें आणि सांगितलें, “काका, दोन हजार वॉटचा घ्या, कटकट जाईल.” अण्णांना तें पटलें. माजघरांत अधूनमधून कसलासा करपट वास येतो असें माई म्हणाल्या, तेव्हां अण्णांनीं मीटरजवळच्या पेटीकडे बोट दाखविलें. “खटका पडला का? नाहीं ना? मग तारेंत कांहीं दोष नाहीं.” हा युक्तिवाद आम्हांलाही त्या वेळीं बिनतोड वाटला. तो किती फसवा आहे हें पुढें येईलच.

दुसऱ्या दिवशीं भाऊबीज. आमच्या भगिनी आल्या, बरोबर भाचाही आला. तो सातपूरच्या एका कारखान्यांत वीजविभागांत कामाला आहे व विजेचीं मोजमापें करण्याचा त्याचा रोजचाच परिपाठ. अण्णांची नात दहावींत आहे, तिनें त्याला सर्व हकीकत सांगितली आणि म्हणाली, “अण्णाआजोबा, नवा रॉड आणण्याआधीं हा मोजून तरी पाहूं या.” अण्णा म्हणाले, “रॉड काय मोजणार? फूटपट्टीनं?”

येथें वाचकांसाठीं दोन शब्द सांगणें भाग आहे. विजेच्या बाबतींत ज्या दोन गोष्टी घरांत सहज मोजतां येतात त्या म्हणजे दाब आणि प्रवाह. दाब व्होल्टांत मोजतात, प्रवाह अँपियरांत. दाब वीज ढकलतो, प्रवाह म्हणजे दर सेकंदास वाहणारी वीज, आणि या वाहण्यास तार जी अडवणूक करते तो विरोध. त्याचें माप ओहम. (अण्णांच्या पुस्तकांत ‘विरोध’ होता, नातीच्या पुस्तकांत ‘रोध’ आहे, दाबाला ती ‘विभवांतर’ म्हणते व प्रवाहाला ‘विद्युतधारा’. शब्दांवरून आजोबा-नातींत दहा मिनिटें खर्च झालीं, तीं आम्ही येथें गाळतों.) दाबास प्रवाहानें भागिलें कीं विरोध मिळतो. दाबास प्रवाहानें गुणिलें कीं शक्ति मिळते, म्हणजे दर सेकंदास किती काम किंवा किती उष्णता. तिचें माप वॉट. दोन आंकडे, एक भागाकार, एक गुणाकार; याहून अधिक गणित या लेखांत नाहीं.

यांतील भागाकार ज्याच्या नांवें चालतो तो गेऑर्ग ओहम जर्मनींत कोलोन येथें शाळेंत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्यानें आपला नियम १८२७ सालीं पुस्तकरूपानें मांडला. त्याच्या देशांत प्रथम त्याची बूज झाली नाहीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ सालीं त्याला कॉप्ली पदक दिलें, तेव्हां लोकांचे डोळे उघडले. त्याच सुमारास इंग्लंडांत जूल यानें तारेंतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते हें दाखवून दिलें. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें. आमच्या वाड्याचें सारें संकट त्यांतच दडलें होतें.

आतां मोजणी. भाच्याजवळ चिमट्यासारखा उघडणारा मीटर होता. त्याचा जबडा तारेभोवतीं मिटला कीं तार न तोडतां प्रवाह कळतो. मात्र दोन तारांपैकीं एकच त्यांत धरावी लागते, दोन्ही धरल्या तर जाणारा व येणारा प्रवाह एकमेकांस खाऊन आंकडा शून्य येतो. रॉड बादलींत बुडवून चालू केला. न्हाणीघरांतील सॉकेटपाशीं दाब भरला २१२ व्होल्ट. प्रवाह ६ अँपियर. नातीनें वहींत भागाकार केला : २१२ भागिले ६, म्हणजे ३५.३ ओहम.

मग ती रॉडवरील छापील आंकड्यांकडे वळली. २३० व्होल्टांवर १५०० वॉट देणाऱ्या वस्तूचा विरोध किती असावा? दाबाचा वर्ग करून शक्तीनें भागावें. २३० चा वर्ग ५२,९००. त्यास १५०० नें भागिलें कीं ३५.२७ ओहम येतात. छापलेला विरोध आणि मोजलेला विरोध जवळजवळ तंतोतंत जुळले. म्हणजे आंतली तार हलकी नव्हती, दुकानदारानें फसविलें नव्हतें, आणि सूनबाईंनीं आणलेला माल चोख होता. नातीनें वही अण्णांपुढें धरली. अण्णांनीं चष्मा लावून भागाकार स्वतः पुन्हां केला, आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “सूनबाई, तुमचा रॉड निर्दोष आहे बरं का. आम्हीं उगाच बोललों.” आंतून उत्तर आलें नाहीं, पण थोड्या वेळानें चहा आला, आणि अण्णांच्या कपांत साखर नेहमींप्रमाणें दोन चमचे होती.

परंतु मग पाणी उशीरां कां तापलें? गुणाकार केला : २१२ गुणिले ६, म्हणजे १२७२ वॉट. पंधराशेंच्या जागीं पावणेतेराशें. दाब २३० वरून २१२ वर आला, म्हणजे शेंकडा आठच घटला. पण विरोध तोच असल्यामुळें दाबाबरोबर प्रवाहही घटतो, दोन्ही घटींचा गुणाकार होतो व उष्णता शेंकडा पंधरांनीं कमी होते. वीस लिटर पाणी वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेण्यास १५०० वॉटनें सव्वातेवीस मिनिटें लागतात, १२७२ वॉटनें साडेसत्तावीस. माईंच्या घड्याळानें जें दाखविलें तेंच वहीनें सांगितलें.

अण्णा म्हणाले, “म्हणजे बाहेरूनच वीज कमी दाबाची येते.” आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टांची ठरलेली असून शेंकडा सहा इकडे-तिकडे चालतें, म्हणजे २१६ पर्यंत उतरली तरी नियमांत बसतें. पण भाचा पुढें मीटरपाशीं गेला व रॉड चालूच ठेवून तेथील दाब पाहिला. तो २२८ भरला. मंडळाची वीज दारापर्यंत चांगली येत होती. दिंडीदरवाजापासून न्हाणीघरापर्यंत जातां जातां १६ व्होल्ट आमच्याच घरांत गळत होते.

सोळा व्होल्ट, आणि प्रवाह सहा अँपियर. पुन्हां तोच भागाकार, तोच गुणाकार. वाटेंतील विरोध २.६७ ओहम, आणि वाटेंत वाया जाणारी शक्ति ९६ वॉट. येथें भाचा थोडा गंभीर झाला. मीटरपासून न्हाणीघरापर्यंत तारेची लांबी सुमारें तीस मीटर, जाऊन-येऊन साठ. तार तांब्याची, एक चौरस मिलिमीटरची, जुन्या काळीं दिव्यासाठीं टाकलेली. अशा साठ मीटर तारेचा विरोध साधारण एक ओहम होतो. त्या हिशेबानें सहा व्होल्ट व ३६ वॉट तारेंत जावेत, आणि ते साऱ्या लांबीवर पसरलेले असल्यामुळें तार कोमट होण्यापलीकडे कांहीं घडूं नये. मग उरलेले दहा व्होल्ट आणि ६० वॉट कोठें जात होते?

साठ वॉटचा जुना गोळ्याचा दिवा पेटवून थोड्या वेळानें त्यास हात लावून पाहावा. हात ठेववत नाहीं. तेवढी उष्णता आमच्या भिंतींत कोठेंतरी, एखाद्या बोटभर जागेंत, लांकडी पट्टीच्या आंत कोंडली जात होती. माईंना जो करपट वास येत होता तो तिचाच.

मुख्य स्विच बंद केला. माजघरांत जेथें वास येई त्या बाजूची लांकडी पट्टी उचकटली. कोनाड्याच्या वर हातभर अंतरावर सांधा निघाला. न्हाणीघरांत वीज नेतांना कोणीं तरी जुन्या तारेस नवी तार नुसता पीळ देऊन जोडली होती व वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पीळ सैल झालेला, तांबें काळें पडलेलें, चिकटपट्टीचा कोळसा, आणि पट्टीचें लांकूड आंतून वीतभर जळालेलें. खालच्या कोनाड्यांत माईंच्या पोथ्या, लाल फडक्यांत बांधलेल्या, आणि त्यांवर गेल्या वर्षाचें पंचांग. आम्ही सर्व कांहीं वेळ तेथेंच उभे राहिलों. माईंनीं पोथ्या उचलून देवघरांत नेल्या.

आतां अण्णांच्या खटक्याच्या युक्तिवादाकडे येऊं. खटका, म्हणजे ज्याला हल्लीं सर्वजण एमसीबी म्हणतात तो, फक्त प्रवाह पाहतो. आमचा सोळा अँपियरचा होता. त्यांतून जात होते सहा. सैल सांध्यामुळें प्रवाह वाढला नव्हता, उलट थोडा घटलाच होता. मग खटक्यानें पडावें कशास? जादा प्रवाह झाला, दोन तारा एकमेकींस चिकटल्या, तर तो आपलें काम चोख करतो. सैल सांधा त्याच्या दृष्टीस पडतच नाहीं. अशा सांध्याचा सुगावा दोनच मार्गांनीं लागतो : एक माईंच्या नाकानें, आणि दुसरा, भार चालू असतां दोन्ही टोकांस दाब मोजल्यानें. आमच्या घरीं पहिला मार्ग आठवडाभर उपलब्ध होता, तो आम्हीं मानला नाहीं.

आणि त्या दोन हजार वॉटच्या रॉडचें काय? नातीनें तेंही करून पाहिलें. त्याचा विरोध २६.४५ ओहम, वाटेंतील २.६७ मिळवून २९.१२. २२८ व्होल्टांस त्यानें भागिलें कीं प्रवाह ७.८ अँपियर. सांध्याचा विरोध १.६७ ओहम, प्रवाहाच्या वर्गानें गुणिला कीं १०२ वॉट. सांध्यांतील साठ वॉटचे शंभर झाले असते. पाणी लौकर तापलें असतें, वाद मिटला असता, आणि पोथ्यांच्या डोक्यावर शंभर वॉटची शेगडी पेटली असती. तो सल्ला वाईट हेतूनें दिला होता असें आम्ही म्हणत नाहीं. मोजल्यावांचून दिला होता, एवढेंच.

प्रवाहाच्या या वर्गाचा महिमा पाहावयास नाशिककरांना फार लांब जावें लागत नाहीं. आगगाडीनें मुंबईस जातां-येतां इगतपुरी लागते. मुंबईंत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत धांवली, आणि १९३० च्या सुमारास विजेच्या तारा थळघाट चढून इगतपुरीस पोंचल्या. दाब १५०० व्होल्ट, प्रवाह एकाच दिशेचा. घाटाची चढण सदतीस फुटांस एक फूट. तेथें जीं मालगाड्यांचीं इंजिनें चालत त्यांना लोक ‘खेकडा’ म्हणत. त्यांची ताकद २६०० अश्वशक्ति. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॉट, तेव्हां हीं झालीं सुमारें १९ लक्ष ४० हजार वॉट. त्यांस १५०० नें भागा : जवळजवळ १३०० अँपियर. एवढा प्रवाह वाहून नेण्यास डोक्यावरची तार जाडजूड लागे, आणि थोड्या थोड्या अंतरावर वीज पुरविणारीं उपकेंद्रें लागत. इगतपुरीच्या पुढें, नाशिक-मनमाडकडे, तारा ओढल्या त्या १९६० नंतरच्या दशकांत, आणि त्या २५,००० व्होल्टांच्या, उलटसुलट प्रवाहाच्या. तीच ताकद या दाबानें द्यावयाची तर प्रवाह ७८ अँपियरांच्या आसपास पुरतो. प्रवाह सतरापट कमी, म्हणून त्याच विरोधाच्या तारेंत वाया जाणारी उष्णता पावणेतीनशेंपट कमी. दोन बाजूंस दोन तऱ्हांची वीज असल्यामुळें इगतपुरीस इंजिन बदलावें लागे. गाडी बराच वेळ थांबे आणि फलाटावर वडे खाऊन होत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मुंबईकडील मार्गही २५,००० व्होल्टांवर आला, आणि तें कारण उरलें नाहीं.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रांतून निघणारी वीज लाखों व्होल्टांपर्यंत चढवून दूर धाडतात, तीही याचसाठीं. घरांत मात्र जीवाच्या भयानें दाब २३० वरच ठेवावा लागतो, म्हणून घरांत तारेची जाडी व सांध्याची घट्टाई यांवर सारें अवलंबून.

ज्यांना आपल्या घरीं हें करून पाहावयाचें आहे त्यांना दोन इशारे देतों. पहिला असा कीं, हा भागाकार रॉड, गीझर, इस्त्री, शेगडी अशा निव्वळ तापणाऱ्या वस्तूंनाच सरळ लागू पडतो. पंखा, मिक्सर, विहिरीवरचा पंप यांत मोटार असते. तेथें दाब व प्रवाह यांचीं आंदोलनें एकाच पावलांत चालत नाहींत, म्हणून नुसत्या गुणाकारानें वॉट खऱ्याहून अधिक दिसतात आणि भागाकारानें येतो तो तारेचा विरोध नसतो. जुन्या गोळ्याच्या दिव्याची आणखी एक गंमत आहे. शंभर वॉटच्या दिव्याचा विरोध पेटलेला असतां ५२९ ओहम असतो. तोच विझवून, थंड झाल्यावर मोजला तर चाळीस-पन्नासच भरतो, कारण धातु तापला कीं त्याचा विरोध वाढतो. यावरून मीटर बिघडला असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. रॉडमधील तार निकेल व क्रोमियमच्या मिश्रणाची असते, तिचा विरोध तापल्यानें फारसा बदलत नाहीं. म्हणून नातीचे आंकडे इतके सुरेख जुळले.

दुसरा इशारा जिवाचा आहे. चालू तारेशीं खेळ करूं नये. सॉकेट व पेटी उघडण्याचें काम परवानाधारक जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावें. रॉड चालू असतां पाण्यांत बोट घालून ऊन झालें का तें पाहण्याची खोड अनेक घरांत आहे, ती आजच सोडावी. आधीं बटण बंद करावें, प्लग काढावा, मग रॉड उचलावा. १५०० वॉटच्या रॉडला २३० व्होल्टांवर साडेसहा अँपियर लागतात, तेव्हां सहा अँपियरच्या लहान सॉकेटांत तो लावूंच नये. आमच्याकडे वर्षानुवर्षें तो तेथेंच लावला जात होता, हें लाजेनें नमूद करतों.

तुळशीच्या लग्नापूर्वीं काम पुरें झालें. मीटरपासून न्हाणीघरापर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची नवी तार, मध्यें एकही सांधा नाहीं. सोळा अँपियरचें सॉकेट. आणि तीस मिलिअँपियर जरी भलतीकडे गळले तरी वीज तोडणारा वेगळा खटका. लागलीच पुन्हां मोजलें. मीटरपाशीं २२८, न्हाणीघरांत २२५, प्रवाह ६.४. गुणाकार अण्णांनीं तोंडी केला : चौदाशें चाळीस. रॉड तोच आहे. मीटरच्या पेटीच्या झांकणाला आंतून नातीनें पेन्सिलीनें तारीख व हे तीन आंकडे लिहून ठेवले आहेत, आणि पुढील वसुबारसेला तेच पुन्हां मोजावयाचे असें ठरलें आहे. त्या दिवशीं भाच्याला यावयास जमलें नाहीं तर काय, हा प्रश्न माईंनीं काढला आहे.